काहीच झालं नाही, म्हणून पेढे

मु. पो. नांदूरघाट, ता. केज
श्रावण, नागपंचमी उलटून गेल्यावर

माझ्या पाठचा, आईचा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत हेकेखोर लेक, दिंद्रुडच्या दूध सोसायटीचे चेअरमन राधाकिशन यांस,

थोरल्या बहिणीचे, वच्छलाआक्काचे, पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडची खुशाली छबूकडून कळते (तुझी बायको दर बाजाराच्या दिवशी मला फोन करते, हे तुला ठाऊक नसेल तर आता झालं). तुझ्या दोन्ही म्हशी, ती गाभण कालवड, छबूचा गुडघा आणि तुझी चेअरमनकी, या सगळ्यांची तब्येत कशी आहे ते कळव. तुझ्या स्वतःच्या तब्येतीचं विचारत नाही, कारण तुझं उत्तर ठरलेलं आहे, "मला काय धाड भरलीय?"

फोन सोडून पत्र कावून, म्हणजे कशापायी, असं तू विचारशील. अरे बाबा, फोनवर मी नुसतं 'बीपी' म्हटलं की दिंद्रुडची रेंज जाते. 'हॅलो, हॅलो, आक्का, आवाज येईना' म्हणतोस आणि ठेवून देतोस. मग मी पुन्हा लावून सरकी पेंडीचा भाव विचारला की रेंज अशी खणखणीत येते की काय सांगावं. पत्राची रेंज जात नाही. लिहिणारी आमची सून विमल आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. दहावी झालेल्या बाईपुढं माझ्यासारखीचं काय चालणार? पण मधे स्वतःचं काही घुसडायचं नाही, एवढं मात्र तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. (मी काही कबूल केलेलं नाही. मामा, नमस्कार. — विमल)

तर पत्रास कारण असं. गेल्या भाऊबिजेला मी तुला ओवाळत होते आणि तू पाटावर बसून मलाच शहाणपण शिकवत होतास. "आक्का, त्या बीपीच्या गोळ्या सोड. गोळ्यांनीच किडन्या जात्यात. मी तर दसऱ्यालाच बंद केल्या. आपुन दुधावर पोसलेली मान्सं." मी गप्प बसले, कारण पेटतं निरांजन हातात असताना भावाशी भांडू नये, त्याच्या मिशांना धोका असतो. पण त्या दिवसापासून आपली पैज लागली असं मी मनाशी धरलं. तू गोळ्यांवाचून, मी गोळ्यांसकट. बघू कुणाच्या किडन्या टिकतात. परवा माझा निकाल लागला. मी जिंकले. आता तुझ्या किडनीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, तुझी किडनी तुला लखलाभ. मी फक्त माझा विजय सांगणार आहे, अगदी सुरुवातीपासून आणि तिखटमीठ लावून. म्हणजे नुसतं तिखट. मीठ मला बंद आहे.

सुरुवात मागच्या दुष्काळात, छावणीत झाली. त्या साली पाऊस नावाला पडला, विहिरीत दोरी सोडली की कोरडीच वर यायची, आणि माळावर सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली तेव्हा मी माझी म्हैस घेऊन तिथं राहायला गेले. (बद्रीनाथ म्हणत होता, आई तू घरी थांब, मी जातो. पण ती म्हैस माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. लेकापेक्षा तिचा माझ्यावर जीव जास्त आहे, हे मी त्याच्यासमोरच सांगितलं.) शेजारच्या दावणीला आमच्याच गल्लीतला मेंढरावाला म्हाळू आणि त्याची बायको कडूबाई. मेंढरं विकून टाकली होती, दोन गाया उरल्या होत्या. आमच्यासारखी पाचपंचवीस म्हातारी माणसं तिथं जमली होती आणि प्रत्येकाच्या कनवटीला काही ना काही गोळ्या होत्या. कुणाच्या बीपीच्या, कुणाच्या साखरेच्या, कुणाच्या रक्तवाढीच्या, आणि गुडघ्याच्या तर सगळ्यांच्याच. संपल्या की आणायला तालुक्याला जायचं, दिवस मोडायचा, जनावर दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं. एके दिवशी कुणाच्या तरी गोळ्या संपल्या म्हणून रडारड चालली होती, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, अगं बायांनो, सकाळी आपण सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततो की नाही? कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या गाईचं, कुणाचं दाट, कुणाचं पातळ. सगळं मिळून एक होतं आणि शहरातली माणसं आवडीनं पितात. मग गोळ्यांचं कावून तसं करू न्हाई?

झालं. एक स्टीलचा डबा आणला, त्यात सगळ्यांनी आपापल्या गोळ्या ओतल्या, हलवून एकजीव केल्या आणि आमची गोळ्यांची सहकारी सोसायटी उभी राहिली. चेअरमन मी, बिनविरोध. (भाऊ चेअरमन असल्यावर बहिणीच्या अंगात ते गुण असणारच, असं कडूबाई म्हणाली. मी नाही म्हटलं नाही.) सेक्रेटरी कडूबाई. तिलाही माझ्यासारखीच अक्षरओळख नव्हती, त्यामुळं कारभारात कागदाची भानगडच नव्हती. सकाळी धारा काढून झाल्या की डबा फिरायचा, ज्यानं त्यानं एक गोळी घ्यायची, वडीलधाऱ्यांनी आधी निवडायची. पुढं पुढं डबा उतरणीला लागला तेव्हा मी चेअरमन या नात्यानं पाळी लावून दिली. टँकर एक दिवसाआड, तर गोळीही एक दिवसाआड. दुष्काळात पाणी काटकसरीनं वापरायचं आणि गोळी उधळायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आता तुला गंमत सांगते, ही तुझ्या कामाची आहे. डब्यात सगळ्यांत आधी कुठल्या गोळ्या संपायच्या? गुडघ्याच्या. त्या घेतल्या की घटकाभरात लागू पडायच्या, माणूस उठून वैरण टाकायला लागायचं. त्या गोळीला निवडणुकीतल्या उमेदवारासारखा मान. आणि बीपीची बारीक पांढरी गोळी बिचारी तळाला पडून राहायची. घेतली तरी काही वाटत नाही, नाही घेतली तरी काही वाटत नाही. असल्या सभासदाला कोण विचारतं? अक्षय्य तृतीयेला आम्ही बोनस वाटला, माणशी दोन गोळ्या. त्यात म्हाळूच्या वाट्याला कुणाची तरी साखरेची गोळी आली. हा गडी आयुष्यात कधी साखरेनं आजारी नाही. उपाशीपोटी बोनस गिळला आणि थोड्या वेळानं घामानं भिजून दावणीतच आडवा. कडूबाईनं बोंब ठोकली, मी तोंडात गुळाचं पाणी घातलं, तेव्हा डोळे उघडून म्हणतो कसा, "चेरमनबाई, पुढच्या बारीला मला रोख द्या." सगळे हसले. मीही हसले. राधाकिशना, आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा हसले.

पाणी मी कमीच प्यायचे. एक तर पाणीच नव्हतं, आणि दुसरं, बाईमाणसानं उघड्या माळावर आडोशाला जायचं कुठं? दिवसभर कोरड्या घशानं राहायचं आणि अंधार पडायची वाट बघायची, हे आम्हा सगळ्या बायांचं ठरलेलं. होता होता माझं तोंड सकाळी भरलेलं दिसायला लागलं. मला वाटलं, तेज आलं! दुष्काळात माणसं वाळतात आणि मी गुबगुबीत होतेय. छावणीची हवा मानवली म्हणून मी कडूबाईपुढं मिरवले. पाय सुजून चपलेत मावेनात, तर म्हटलं, चप्पल आटली. लघवीला फेस यायला लागला (विमल लिहायला लाजतेय, पण माझ्या भावाला कळायला पाहिजे, लिही म्हणते ना), तर त्याचाही मला अभिमानच वाटला. आपण दुधातली माणसं. धार चांगली लागली की भांड्यात फेस येतो, फेस म्हणजे कस, हेच आपल्याला आईनं शिकवलेलं. त्या फेसातून अंगातला कसच वाहून जातोय, हे कुणाच्या बापाला ठाऊक?

छावणीत जनावरांचा डॉक्टर रोज यायचा. माणसांचा डॉक्टर एकदाच आला. एक तरुण डॉक्टरीण होती, पोरसवदा, पण नजर करडी. माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि पुन्हा बांधला, पुन्हा दाबला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढं. म्हणाली, "आजी, गोळ्या घेता का?" मी म्हटलं, "घेते म्हंजे? मी वाटते!" आणि मोठ्या मानानं डबा पुढं केला. तिनं झाकण उघडून आत बघितलं. मग तिनं डबा गोणपाटावर पालथा केला. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या, फुटक्या, काहींना ढेपेचा वास. ती एकेक गोळी बोटानं उलटून बघत राहिली. मला वाटलं, कारभार बघून थक्क झाली. तसं ती थक्क झालीच होती म्हणा. मग तिनं म्हातारी माणसं सगळी गोळा केली आणि जी काही बरसली, राधाकिशना, तेवढा पाऊस त्या साली दुसरा झाला नाही. एकाची गोळी दुसऱ्याला विष होते, गुडघ्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीला मारतात, आणि बीपीची गोळी चुकवली तर दाब किडनीला मारतो, असं म्हणाली. आमचं संचालक मंडळ जागच्या जागी बरखास्त. विमल तेवढ्यात भाकरी घेऊन आली होती, तिलाच डॉक्टरणीनं प्रशासक नेमलं. तो प्रशासक अजून उठलेला नाही. (आणि उठणारही नाही. — विमल)

किडनी म्हणजे गाळणी, दाबानं ती फाटते, असं डॉक्टरीण सांगत होती. माझ्या काही डोक्यात शिरेना. दाब डोक्यात, किडनी कमरेत, मधे एवढं मोठं पोट, संबंध काय? तेवढ्यात टँकर आला. आम्ही पिंपाच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळून घ्यायचो, गाळ लई यायचा. त्या दिवशी फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. ड्रायव्हर घाईत, त्यानं पाइप लावला आणि कॉक पूर्ण उघडला. पाण्याची धडक बसली, फडकं आधी फुगलं, मग मधोमध टरकन फाटलं आणि सगळा गाळ पिंपात. मी ओरडले, "अरे मुडद्या, जुनं फडकं हाय, दाब कमी कर की!" आणि ओरडता ओरडता माझ्याच तोंडचा 'दाब' माझ्या कानावर पडला. डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आजी, मी तेच सांगत होते." वयानं फडकं विरतंच, त्याला इलाज नाही, माझं असो की दिंद्रुडच्या चेअरमनचं असो. पण विरलेल्या फडक्यावर दाबाची धडक रोज बसली तर ते फाटतं. त्यात गाळ बसला की पाणी वर तुंबतं आणि दाब आणखी वाढतो. दाबानं किडनी जाते आणि जाणाऱ्या किडनीनं दाब चढतो, दोघांची एकमेकांना साथ, पंचायतीतल्या दोन चोरांसारखी. आणि यात दुखत काहीच नाही, हीच मोठी लबाडी. फडकं फाटताना बोंबलत नाही.

तालुक्याला नेऊन माझं रक्त तपासलं, लघवी तपासली. रक्तातला तो किडनीचा आकडा, क्रिएटिनिन का काय म्हणतात, आला दीड. मला वाटलं, दीड म्हणजे किरकोळ. आपल्याकडं दीडशे म्हटलं तर घाबरावं. पण डॉक्टरीण म्हणाली, या वयाला दीड म्हणजे निम्म्याहून जास्त गाळणी बाद झाली. जे फाटलं ते शिवता येणार नाही. जे उरलंय ते टिकवायचं, हा आकडा वर चढू द्यायचा नाही, नाहीतर दिवसाआड शहरात मशिनीला जाऊन पडायचं. बद्रीनाथचं तोंड उतरलं. मी मात्र एवढंच विचारलं, "आणि म्हशीची धार कोन काढंल?" ते ऐकून डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून रोज सकाळी गोळी. ताप असो, लगीन असो, एकादशी असो. पाळी नाही, बोनस नाही. विमल पाण्याचा गडवा घेऊन समोर उभी राहते आणि मी तोंड उघडून दाखवेपर्यंत हलत नाही (मागं एकदा गोळी जिभेखाली ठेवलेली तिला सापडली, तेव्हापासून जीभही उचलून दाखवावी लागते). भाजीला मीठ निम्मं, पापड बंद, गुडघ्याच्या गोळ्या बंद. गुडघा दुखला की शेकायचा आणि त्याला शिव्या द्यायच्या. मीठ कमी झालं तेव्हा पहिले आठ दिवस मी या घरातल्या प्रत्येकाशी भांडले. मग जिभेला गवारीची गवार अशी चव कळायला लागली. सत्तर वर्षं मी मिठालाच गवार समजत होते.

आता तुझं म्हणणं घेते. गोळ्या घेणाऱ्यांच्याच किडन्या जातात, असं तू म्हणतोस आणि दाखल्याला चार माणसांची नावं सांगतोस. अरे, टँकर जिथं येतो तिथंच दुष्काळ असतो. म्हणून टँकरनं दुष्काळ आणला असं म्हणून तू टँकर परत पाठवशील का? त्या माणसांनी गोळ्या उशिरा घेतल्या, एक दिवसाआड घेतल्या, माझ्यासारख्या डब्यातून घेतल्या. नाव मात्र गोळीचं झालं. आणि तू, जो बीपीच्या बारीक गोळीला भितोस, तो गुडघ्याच्या गोळ्या लिमलेटच्या गोळीसारख्या चघळतोस, हे छबूनं मला सांगितलं आहे. (तिच्यावर चिडू नकोस. चिडलास की दाब चढतो.) चोराला घरात झोपवायचं आणि कुत्र्याला हाकलायचं, असली चेअरमनकी तू सोसायटीत करत नसशील अशी आशा आहे. पण मी सांगितलं ना, तुझ्या किडनीबद्दल मी बोलणार नाही. बोलले का? नाही बोलले.

परवा पुन्हा तपासलं. डॉक्टरणीनं कागद हातात घेतला, मी तिच्या तोंडाकडं बघत बसले, कारण मला वाचता येणारा कागद तोच. ती म्हणाली, "आजी, दीड होता, दीडच आहे. आणि बीपी एकशे तीस." मी विचारलं, "म्हंजे कमी न्हाई झाला?" म्हणाली, "कमी नाही झाला. पण वाढला नाही, आजी. तुम्ही जिंकलात." राधाकिशना, आपल्याकडं सगळा जीव आकडा वाढण्यावर. फॅट वाढावी, उसाचं टनेज वाढावं, सोसायटीचे सभासद वाढावेत. जागेवरून न हललेल्या आकड्यासाठी उड्या मारणारी या जिल्ह्यातली पहिली बाई मीच असेन. येताना बाजारात जीप थांबवली, पेढे घेतले आणि गल्लीभर वाटले. कडूबाई धावत आली, "काय झालं वो चेरमनबाई? पणतू झाला का?" मी म्हटलं, "न्हाई. काहीच झालं न्हाई. म्हणूनच पेढे!" तिनं पेढा घेतला, आणि तिचाही दाब आता काबूत आहे म्हणून माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. तो विमलनं काढून घेतला.

असा हा विजय. छबूला आणि लेकरांना आशीर्वाद. म्हशींच्या पाठीवरून माझ्या नावानं हात फिरव.

तुझी आक्का
वच्छलाबाई (अंगठा)

ता. क. : माझी काही मागणी नाही. फक्त छबूनं घातलेलं कैरीचं लोणचं, अगदी लहान बरणी, म्हाळू तिकडं येणार आहे त्याच्याजवळ दे. घरी पाठवू नकोस. गोठ्यात ठेवायला सांग. (मामा, हे मीच लिहिते आहे हे आई विसरल्या. बरणी पाठवू नये. — विमल)

आणखी ता. क. : बरं, मागणी आहे. पोळ्यानंतर तुझ्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. तुझ्या घरचं एक दुधाचं खातं छबूच्या नावावर आहे, म्हणजे ती सभासद. तिनं आणि दुसऱ्या बायांनी मिळून सेक्रेटरीकडं अर्ज दिलेला आहे, आणि तो मंजूरही झाला आहे. सभेच्या आधी, फॅटच्या मशीनशेजारी, सगळ्या सभासदांचा बीपी मोजायचा आणि पन्नाशीच्या वरच्यांची रक्त-लघवी तपासायची. आमची डॉक्टरीण येणार आहे, तिला मी शब्द टाकला आहे. सुरुवात अर्थातच चेअरमनपासून. भोंग्यावर पुकारून झालं आहे म्हणतात. तू नको म्हणू शकतोस. पण तूच भर सभेत सांगत असतोस ना, की जो फॅट तपासू देत नाही त्याच्या कॅनमध्ये पाणी असतं? सभासदांनाही ते पाठ आहे.

शेवटचं ता. क. : छबू म्हणते, सकाळी तुझे डोळे सुजलेले असतात आणि तू म्हणतोस झोप जास्त झाली. आपण पाच भावंडं होतो. आता मला कुणी आई म्हणतं, कुणी आजी, कुणी आत्या, छावणीतली माणसं अजून चेअरमनबाई म्हणतात. आक्का म्हणणारा तू एकटा उरलास. पैज मी मोडते, मला ही एकटीनं जिंकायची नाही. सभेला मी पुढंच बसलेली असेन. आकडा कितीही येऊ दे, मी हसणार नाही. तू फक्त हात पुढं कर.